आजोबांची गोल पटाशी

टूल सिग्नेचर म्हणजे काय, हे मेकॅनिकलच्या कुठल्याही पोराला रात्री दोन वाजता उठवून विचारा. डोळेसुद्धा न उघडता तो सांगेल : बॅक रेक, साइड रेक, एंड रिलीफ, साइड रिलीफ, एंड कटिंग एज, साइड कटिंग एज आणि शेवटी नोज रेडियस. एकूण सात आकडे. वायवाला एक्स्टर्नलसमोर हे सात आकडे ओळीने म्हणून दाखवले की तोही खूश आणि आपणही खूश!

पण या सात आकड्यांत एक गोष्ट कुठेच येत नाही. हत्यार कोणाच्या हातात आहे? येणार तरी कशी? मशीन शॉपमधल्या लेथवर हत्यार हातात नसतंच मुळी. टूल पोस्टचे बोल्ट आवळले की झालं. पहिल्या पाळीचा ऑपरेटर जाऊन दुसऱ्या पाळीचा आला तरी कोन तोच. मी आज ज्या हत्याराबद्दल लिहितोय त्याचं सगळं याच्या उलट आहे. ते लाकडाच्या लेथवर चालतं आणि तिथे टूल पोस्ट म्हणजे माणसाचे दोन हात.

त्याचं नाव गोल पटाशी. वर्कशॉपच्या पुस्तकात गाऊज. कॉम्प्युटरवाल्या मित्रांसाठी सांगतो, सुताराची नेहमीची पटाशी सपाट असते, ही पन्हळीसारखी खोलगट असते. उभी चिरलेली नळी डोळ्यांसमोर आणा. तिच्या टोकाला बाहेरून घासून उतार काढलेला असतो, त्याला पुस्तकात बेव्हल म्हणतात. आमचे आजोबा त्याला 'पाठ' म्हणतात आणि मलाही तोच शब्द बरा वाटतो. लाटण्याच्या मुठीजवळची खाच, भोवऱ्याचं पोट, पाळण्याच्या खांबावरचे मणी, भातुकलीतल्या तांब्याचा गळा, जिथे जिथे लाकडाला गोलाई आहे तिथे तिथे ही पटाशी फिरलेली असते.

आजोबा सावंतवाडीचे कातारी. सावंतवाडी म्हटलं की लोकांना चितारआळी आठवते, रंगीत लाकडी फळं आठवतात, गंजिफा आठवतात. पण रंग चढायच्या आधी लाकूड कोणीतरी गोल करायला लागतं ना! आजोबा ते करायचे. हलक्या खेळण्यांना पांगारा, पोळपाटाला आंबा, लाटण्याला शिसव. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरायची, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते, मग केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणायची, हेही तेच करायचे. त्यांनी शिकायला सुरुवात केली तेव्हा मोटर नव्हती. जमिनीवर बसायचं, एका हाताने धनुकली ओढायची, दुसऱ्या हाताने आणि पायाच्या अंगठ्याने हत्यार धरायचं. धनुकली पुढे ओढली की लाकूड आपल्याकडे फिरणार आणि कापलं जाणार. मागे नेली की उलटं फिरणार, तेवढ्यापुरतं हत्यार मागे घ्यायचं. म्हणजे निम्मा वेळ काम आणि निम्मा वेळ नुसतं फिरणं. आपल्या भाषेत आयडल स्ट्रोक. पुढे अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर आली आणि आजोबा उभे राहून काम करायला लागले.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी लेथ बंद केलं. वय ब्याऐंशी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, हाताला कंप. "हात गेले माझे, झिला," एवढंच म्हणाले आणि मोटरीवर गोणपाट टाकलं. आजी म्हणाली, बरं झालं, पुरे आता. बाबांचं म्हणणं, ती खोली रिकामी करून भाड्याने द्यावी. कोणाचंच काही चुकत नव्हतं. पण आजोबा रोज सकाळी उठून त्या खोलीत जायचे, खुर्चीवर बसायचे आणि जेवायच्या वेळेला बाहेर यायचे. आत काय करतात, तर काही नाही. फक्त बसतात.

सेकंड इयरच्या सुट्टीत मी त्या खोलीत गेलो आणि पटाशी उचलून बल्बखाली धरली. धारदार कडेवर प्रकाश पडत नाही. कारण प्रकाश परत फिरवायला तिथे पृष्ठभागच नसतो. बोथट झालेल्या कडेवर मात्र एक बारीक पांढरी रेघ चमकते. या पटाशीवर रेघ होती आणि ती इतकी रुंद होती की मला बिनचष्म्याची दिसली. आजोबांना ती दिसत नव्हती. मोतीबिंदू पिकत गेला तसतशी दिसेनाशी झाली असणार. ऑपरेशननंतर लांबचं छान दिसायला लागलं, पण जवळच्या कामाचा चष्मा कोणी केलाच नाही. धार कमी, म्हणून जोर जास्त. जोर जास्त, म्हणून हात जास्त थरथरणार. मग हत्यार लाकडात अडकून उडतं आणि माणूस म्हणतो, हात गेले.

हात गेले होते की धार, हे तपासायचं तर आधी धार लावायला हवी होती.

त्यांची पटाशी गावातल्या लोहाराने जुन्या कानशीपासून घडवलेली. कानस म्हणजे हाय कार्बन स्टील. त्याला भलतीच छान धार येते, पण ते उष्णतेला फार घाबरतं. मटेरियल सायन्समध्ये टेम्परिंगचे रंग शिकलोय आपण. साधारण २२० ते २३० अंशांना फिकट पिवळा, २८० च्या आसपास जांभळा, ३०० ला निळा. कोरड्या ग्राइंडरवर पातळ टोक दोन सेकंद जास्त दाबलं की निळं पडतं आणि तेवढा भाग मऊ होऊन जातो. म्हणून ही पटाशी मी ग्राइंडरवर नेलीच नाही. पाणी घालून दगडावर घासली. पाठ दगडावर टेकवायची आणि मूठ डावीकडून उजवीकडे लोळवत न्यायची. मग पन्हळीत उलटून आलेली बारीक कड गोल दगडाने आतून काढून टाकायची. पाऊण तास लागला. आजोबा खुर्चीवर बसून होते. मी मान वर करून विचारलं, "बघता का, झाली का ते?" तर म्हणाले, "बघू नको, आयक." आणि लेथ सुरू करायला सांगितलं.

ऐकण्यासारखंच होतं ते. बोथट हत्यार लाकडावर खरखरतं आणि भुसा पाडतं. धारदार हत्यार सळसळतं आणि रंध्यासारख्या लांब सालपटी काढतं. आजोबांनी पटाशी हातात घेतली तेव्हा मूठ हलत होती, हे मी स्वतः पाहिलं. पण त्यांनी आधी हत्यार टेकणावर ठेवलं, मग पाठ फिरत्या लाकडावर टेकवली, आणि मग मागची मूठ हळूहळू वर उचलली, कड लाकडात शिरेपर्यंत. सालपट निघालं. लांब, एकसारखं. टोक हलत नव्हतं!

"पाठ टेकली काय हात आपसूक थांबता," आजोबा म्हणाले.

यात चमत्कार काही नाही. साधं लिव्हर आहे. टेकणापासून मुठीच्या टोकापर्यंत ४० सेंटिमीटर, टेकणापासून पुढे कडेपर्यंत २ सेंटिमीटर. म्हणजे २० ला १. मूठ ४ मिलिमीटर हलली तर कड हलते ०.२ मिलिमीटर. आणि तेवढंही हलायला पाठ देत नाही, कारण ती लाकडावर टेकून बसलेली असते. गंमत बघा, धातूच्या लेथवर आपण क्लिअरन्स अँगल ठेवतो तो हत्याराची पाठ जॉबला घासू नये म्हणून. घासली की फ्लँक वेअर, मग टूल लाइफ कमी, मग जर्नलमध्ये ग्राफ. लाकडाच्या लेथवर तीच पाठ मुद्दाम घासायची असते. तिच्याशिवाय आधारच नाही. आपल्याकडे जो दोष, तो तिथे आधार.

म्हणजे हात अजून चालत होते. पण पटाशी संपत आली होती. प्रत्येक धारेला थोडं लोखंड जातंच. लोहाराने वीतभर पन्हळ पाडली होती, त्यातली दोन बोटं उरली होती. पन्हळ संपली की पटाशी संपली, पुढे नुसती सळई. ती घडवणारा लोहार आता हयात नाही. आजोबा म्हणाले, "अशीच एक करून दी." आता 'अशीच' म्हणजे कशी? ड्रॉइंग नाही, टॉलरन्स नाही, काही नाही. तो आकार फक्त त्या दोन बोटं लोखंडात होता. आणि इथेच मला पहिल्यांदा कळलं की धार लावणं म्हणजे काय. प्रत्येक वेळी आधीचा आकार घासून टाकायचा आणि तोच पुन्हा काढायचा. चाळीस वर्षं आजोबा त्या आकाराची कॉपी करत आले होते. ओरिजिनल केव्हाच धूळ होऊन गेलं होतं.

पटाशी मी कॉलेजला आणली. मेट्रॉलॉजी लॅबच्या मामांनी आधी विचारलं, "हे काय, मर्डर वेपन?" मग प्रोफाइल प्रोजेक्टर चालू करून दिला. दहापट मोठी सावली पडद्यावर आली. पाठीचा कोन बेव्हल प्रोट्रॅक्टरने मोजला तर ३८ अंश. पुस्तकं अशा कामाच्या पटाशीला ३० ते ४५ सांगतात, म्हणजे अगदी मध्ये. टोकाचा आकार बोटाच्या नखासारखा, तोही पुस्तकातल्यासारखाच. पण सावली सरळ नव्हती. टोकापासून डावी बाजू ९ मिलिमीटर मागे गेलेली आणि उजवी फक्त ६. आधी वाटलं, दोन वर्षं नीट दिसत नसताना लावलेल्या धारेमुळे असेल. पण एवढा फरक दोन वर्षांत पडत नाही. फोन करून आजोबांनाच विचारलं. त्यांना प्रश्नच विचित्र वाटला.

"उजवो हात धनुकलेर, डावो हत्यारार. मगे हत्यार एकाच अंगाक लोळतला मा!"

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या सावलीकडे बघत बसलो. धनुकली सोडून त्यांना कित्येक दशकं झाली. मोटर आली, दोन्ही हात मोकळे झाले, बसायचे ते उभे राहिले. पण पोरवयात मनगटाला लागलेलं वळण गेलं नाही. हत्यार एकाच अंगाला जास्त लोळायचं, म्हणून तीच बाजू जास्त वापरली जायची, म्हणून तीच जास्त घासली जायची. असं करत करत ते वळण लोखंडात उतरलं. ते तीन मिलिमीटर म्हणजे जमिनीवर बसलेला एक मुलगा आहे.

नवीन पटाशी हायस्पीड स्टीलची विकत घेतली, १२ मिलिमीटरची. ती गोल सळईत पन्हळ मिल करून बनवतात, त्यामुळे मूळ आकार अगदी सममित आणि कोन ४५ च्या आसपास. ती आजोबांच्या आकारात आणायची होती. इथे आमच्या वर्कशॉपच्या सरांनी मला अडवलं. म्हणाले, "अरे, वाकडं ते वाकडं कशाला कॉपी करतोस? सिमेट्रिकल ठेव. शिकवणाऱ्यालाही सोपं, शिकणाऱ्यालाही सोपं."

सरांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. त्यामागे मोठी परंपरा आहे. हायस्पीड स्टील ज्या एफ. डब्ल्यू. टेलरने माउन्सेल व्हाइटबरोबर बेथलहेम स्टीलमध्ये १९०० च्या आसपास पुढे आणलं, तोच हा टूल लाइफ इक्वेशनवाला टेलर. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात टोक लाल होईपर्यंत तापलेलं हत्यार धातू कापताना लोकांनी पाहिलं. १९०६ साली त्याने अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअरांच्या सोसायटीपुढे 'ऑन द आर्ट ऑफ कटिंग मेटल्स' हा निबंध मांडला, सव्वीस वर्षांच्या प्रयोगांवरचा. त्याचा एक आग्रह असा की कामगाराने आपलं हत्यार आपण घासायचंच नाही. टूल रूममध्ये एकाच ठराविक आकाराची हत्यारं घासून तयार ठेवायची आणि तिथून सगळ्यांना द्यायची. कारखान्यात हे बरोबरच आहे. तिथे हत्यार टूल पोस्टमध्ये बसतं आणि टूल पोस्ट सगळ्यांचं सारखं असतं.

पण ही पटाशी हजार कामगारांसाठी नव्हती. एका माणसासाठी होती आणि त्याचा हात कंप पावत होता. ब्याऐंशीव्या वर्षी त्याने पुस्तकासारखं मनगट फिरवायला शिकायचं, की मी दोन बोल्ट वेगवेगळ्या ठिकाणी लावायचे? मी बोल्ट लावायचं ठरवलं.

करायची पद्धत थोडक्यात सांगतो, कोणाला उपयोगी पडली तर. आधी प्रोजेक्टरवरच्या सावलीवरून पत्र्याचा टेम्प्लेट कापला. मग पाठीकडे अजिबात न बघता पटाशी आडवी धरून फक्त वरून दिसणारा आकार घासला, टेम्प्लेट बसेपर्यंत. त्यामुळे कडेला जाड, चमकणारी पट्टी तयार होते. मग ३८ अंशांत पाठ घासत जायचं. पट्टी बारीक बारीक होत सगळीकडे एकदम नाहीशी झाली की आकारही आला आणि धारही आली. चाक ६ इंची, पांढरं अॅल्युमिनियम ऑक्साइड, ८० ग्रिट. २८८० आरपीएमला त्याच्या कडेचा वेग सेकंदाला साडेबावीस मीटरच्या वर जातो, तेव्हा गॉगल न घालता जवळ जायचं नाही. चाकाच्या गोलाईने पाठ किंचित खोलगट होते, पण ८ मिलिमीटर लांबीला खोली जेमतेम ०.१ मिलिमीटर भरते. आजोबांच्या बोटाला ती कळली, ही गोष्ट वेगळी!

खरं काम होतं जिगचं. आजोबांना पुढे स्वतः धार लावता यायला हवी होती, तीही नीट न दिसता. एका होल्डरमध्ये पटाशी पकडायची, ती होल्डरच्या बाहेर किती राहील हे ठोकळ्याला टेकवून ठरवायचं, होल्डरचा पाय चाकाखालच्या खोबणीत ठेवायचा आणि डावी-उजवीकडे झुलवायचं. लांबी तीच, खोबण तीच, म्हणून कोन तोच. झुलणं कुठे थांबवायचं त्यासाठी दोन बोल्ट. डावा लांब, उजवा जवळ. खट्ट आवाज आला की परत फिरायचं. चाक झिजून लहान झालं की कोन थोडा बदलतो. तेव्हा पाठीवर मार्करने शाई लावून चाक हाताने फिरवायचं आणि शाई कुठे पुसली जाते ते बघून खोबण सरकवायची. तेवढं महिन्यातून एकदा मी करतो किंवा बाबा करतात. हो, बाबा! खोली भाड्याने द्यायचा विषय तूर्त मागे पडलाय.

दिवाळीला जिग घेऊन गेलो आणि पहिली धार आजोबांच्या समोर लावली. ठिणग्या उडाल्या तशी टोकाला निळी झाक आली. आजोबा खुर्चीतून उठलेच. "निळा झाला मा ता! पाणी दी तेका, पाणी दी! धार मरतली!" साठ वर्षं जो रंग दिसला की हत्यार वाया गेलं समजायचं, तो रंग. मी समजावलं की हे वेगळं स्टील आहे, साडेपाचशे अंशांपर्यंत मऊ पडत नाही. उलट तापलेलं असताना पाण्यात बुडवलं तर कडेला बारीक तडे जाऊ शकतात. त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी शिसवाचा तुकडा लेथवर चढवला, पाठ टेकवली आणि कान पुढे केला. सळसळ. सालपट. मग डाव्या अंगाला लोळवून मुठीजवळची खाच एका दमात काढली. काही बोलले नाहीत. फक्त लेथ बंद न करता दुसरी खाच काढली.

आता ते रोज काम करत नाहीत. आठवड्यातून दोन-तीन सकाळी, दमले की बंद. लाटणी करतात, शेजारच्या पोरांना भोवरे देतात. आजीने जवळच्या कामाचा चष्मा करून घेतला, तो ते लावत नाहीत.

मागच्या सुट्टीत मी व्हर्नियर घेऊन गेलो होतो. दहा धारा लावून पटाशीची लांबी आधी आणि नंतर मोजली तर १ मिलिमीटर कमी झाली होती. म्हणजे एका धारेला ०.१. पन्हळीचा वापरता येण्यासारखा भाग ६० मिलिमीटर. म्हणजे सहाशे धारा. आठवड्याला एक धरली तर साडेअकरा वर्षं! मी हिशेब मोठ्या उत्साहाने आजोबांना सांगितला. त्यांनी पटाशी हातात फिरवून पाहिली, अंगठ्याच्या नखावर धार टेकवून बघितली आणि माझ्यापुढे धरली.

"उरतला ता तुका," म्हणाले.

जुनी, दोन बोटं उरलेली पटाशी त्यांनी खिडकीशी खिळ्याला टांगून ठेवली आहे. तिला धार लावायची नाही, असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. टेम्प्लेट हरवला तर आकार तिच्यावरून घ्यायचा. आणि मी सध्या डावीकडे लोळवायची सवय करतोय. माझं मनगट उजवीकडे जास्त फिरतं. आजोबा म्हणतात, असू दे. तुझी पटाशी तुझ्या अंगाला झिजेल.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)